पार्सलची किंमत कुणाला सांगायची?

नाशिक रोडला दोन सरकारी छापखाने आहेत. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ सालची. पोस्टाची तिकिटे, स्टँप पेपर आणि पासपोर्टच्या पुस्तिका तिथे छापल्या जातात. शेजारच्या करन्सी नोट प्रेसमध्ये नोटा. नोटांची छपाई नाशिकला १९२८ मध्ये सुरू झाली आणि १९३२ पर्यंत देशातल्या सगळ्या मूल्यांच्या नोटा इथे छापल्या जाऊ लागल्या. त्या बाहेर पडतात त्या मोजून, बांधून, सह्या घेऊन, पोलिसांच्या पहाऱ्यात. खोक्यावर ‘जुनी वह्या-पुस्तके’ असे लिहून त्या गुपचूप एसटीच्या टपावर टाकाव्यात, म्हणजे कुणाला संशय येणार नाही, असे तिथे कुणाच्या डोक्यात येत नाही. याच जिल्ह्यातल्या येवल्याहून मात्र हातमागावर विणलेली, कित्येक हजारांची पैठणी ‘कापड’ एवढ्याच नोंदीवर निघते. सराफ बाजारातले चांदीचे निरांजन ‘गिफ्ट’ होऊन जाते आणि भावासाठी घेतलेली चांदीची राखी साध्या पाकिटात बसते. यामागची समजूत एकच, की किंमत जितक्या कमी लोकांना कळेल तितकी वस्तू सुखरूप. ती अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्याचे पैसे पाठवणारा भरतो, आणि ते भरावे लागले हे वस्तू गहाळ झाल्यावरच त्याला कळते.

चोराच्या बाजूने पाहिले तर हे लवकर उलगडते. वाटेतल्या पार्सलवर हात मारायचा तर तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. आत काहीतरी किमती आहे असे वाटले पाहिजे, ते काढून घेतल्याचे लगेच कुणाला कळता कामा नये, आणि काढलेली वस्तू पुढे विकता आली पाहिजे. किंमत लपवण्याने फक्त पहिली गोष्ट अवघड होते. दुसरी उलट सोपी होते, कारण ज्याची किंमत कुठेच लिहिलेली नाही ते पार्सल ढिगात पडते, कुणी वेगळे मोजत नाही, कुणी त्याच्यासाठी सही करत नाही. तिसरीला तर लपवाछपवीचा स्पर्शही होत नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की किंमत खोक्याच्या बाहेरच्या अंगाला अजिबात दिसू नये आणि पावतीवर ती पूर्ण लिहिलेली असावी. खोके वाटेतला प्रत्येक जण पाहतो. पावती ज्याच्यावर जबाबदारी आहे तो पाहतो. या दोघांना एकच उत्तर द्यायचे, ही आपली गफलत.

विकता येण्याची वाट बंद करण्याची सर्वात जुनी युक्ती नोटांच्याच इतिहासात आहे. ब्रिटिश काळात मोठ्या नोटा टपालाने पाठवायच्या तर त्या मधोमध कापत. एक अर्धी आधी पाठवायची, ती पोहोचल्याचे पत्र आले की दुसरी पाठवायची. पहिली थैली लुटली गेली तरी लुटारूच्या हाती निव्वळ कागद, आणि नोटेचा क्रमांक पाठवणाऱ्याच्या वहीत लिहिलेला. या युक्तीत ना कुलूप आहे ना पहारा. वाटेत असलेल्या वस्तूची किंमतच शून्य करून टाकली आहे. आपल्या पेढ्यांच्या हुंडीमागे हाच विचार होता. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या माणसामार्फतच मिळत, त्यामुळे वाटमाऱ्याला ती मिळून न मिळाल्यासारखी. जोखमी हुंडी तर आणखी पुढची होती. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देय होत, म्हणजे पैशाची पाठवणी आणि विमा एकाच कागदात. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हीपी, म्हणजे पार्सल हाती पडताना पैसे देण्याची सोय, आणि १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू केली तेव्हा नोटा स्वतः प्रवास करण्याचे कारणच उरले नाही. आज तर पैसा फोनवरून जातो, तरीही लग्नपत्रिकेच्या पाकिटात आहेराची नोट सरकवणारे आहेत, हे नवल.

तेव्हा पहिला प्रश्न हा, की ही वस्तू प्रत्यक्ष जायलाच हवी का? पैशाला ती गरज नाही. कागदपत्रांपैकी बरीच डिजिलॉकरमध्ये किंवा साक्षांकित प्रतीने भागतात. जे जायलाच हवे त्याला क्रमांक आहे का, ते पाहावे. मोबाइलला आयएमईआय असतो, आणि संचार साथी संकेतस्थळावरून हरवलेला फोन देशभरात बंद करता येतो. सोन्याच्या हॉलमार्क दागिन्यावर आता सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याविना हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. हे क्रमांक बिलावर आणि आपल्या वहीत असले तर हरवलेल्या वस्तूची ओळख पटवता येते. पण सोन्याच्या बाबतीत यावर फार विसंबू नये. फोन बंद पडला की त्याची किंमत घसरते. दागिना मुशीत वितळला की क्रमांक जातो आणि किंमत तशीच राहते. पार्सलने पाठवायला सोन्याइतकी वाईट वस्तू दुसरी नाही, आणि अनेक कुरिअर कंपन्या रोकड, सोने-चांदी, जडजवाहीर घेतच नाहीत ते यासाठी. पैठणीची गोष्ट निराळी. ती वितळत नाही, पण तिला क्रमांकही नसतो. पदरावरचा मोर, काठाची वीण, मागची बाजू यांचे जवळून काढलेले फोटो आणि विणकराचे वा दुकानाचे बिल हीच तिची ओळख.

आता कायद्याकडे वळू, कारण किंमत लपवणाऱ्याचे खरे नुकसान तिथे होते. टपाल खाते म्हणजे सरकार, तेव्हा वस्तू हरवली तर सरकार भरून देईल, असा अनेकांचा समज असतो. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या सहाव्या कलमाने तो सव्वाशे वर्षे खोटा ठरवला. वस्तू हरवणे, चुकीच्या हाती जाणे, उशीर होणे किंवा मोडणे यांची जबाबदारी, सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करली असेल तेवढी सोडून, सरकारवर नाही, असे ते कलम सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद नझीम यांच्या खटल्यात सांगितले की टपाल खाते हे भाड्याने माल वाहणाऱ्या वाहतूकदारासारखे नाही आणि पाठवणाऱ्याचे एजंटही नाही, ती कायद्याने उभी केलेली सार्वजनिक सेवा आहे. तो जुना कायदा गेला. त्याच्या जागी टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ हा कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. पण त्याच्या दहाव्या कलमाचा सूर तोच आहे: नियमांत जेवढी जबाबदारी लिहिली असेल तेवढीच, त्यापलीकडे काही नाही.

ती जबाबदारी विम्याशिवाय किती? स्पीड पोस्टची वस्तू हरवली तर शुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा १००० रुपये, यांतले जे कमी असेल ते. ऑक्टोबर २०२५ च्या दरांप्रमाणे ५० ग्रॅमपर्यंतचे पाकीट शहराबाहेर पाठवायला ४७ रुपये लागतात. त्यात वीस हजारांचे पेंडंट असले आणि ते हरवले, तर नियमाने हाती येणार ९४ रुपये. हा आकडा वाचून टपाल खात्यावर रागावणे सोपे आहे, पण त्यात एक तर्क आहे. खात्याने ४७ रुपये घेतले ते एक पाकीट नेण्याचे. त्यात वीस हजार आहेत हे त्याला कुणी सांगितले नव्हते, त्या जोखमीचे पैसेही कुणी दिले नव्हते. रेल्वेचा कायदाही हेच म्हणतो. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाप्रमाणे मालाची किंमत जाहीर करून जादा आकार भरला नसेल, तर भरपाई किलोमागे ठरलेल्या किरकोळ रकमेने होते. कायद्याच्या डोळ्यांना न सांगितलेली किंमत दिसत नाही, फक्त वजन दिसते.

खासगी कुरिअर तरी वेगळे असेल, ही आशा भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या निकालाने कमी केली. जर्मनीला पाठवलेली कागदपत्रे पोहोचली नाहीत, पाठवणाऱ्याचे मोठे नुकसान झाले आणि राज्य आयोगाने ते भरून द्यायला सांगितले. पण पावतीवर कंपनीची जबाबदारी १०० डॉलरपुरती मर्यादित असल्याचे छापले होते आणि पाठवणाऱ्याने त्यावर सही केली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मर्यादा मान्य केली. करार लिहिलेल्या कागदावर सही करणारा, त्याने तो वाचला असो वा नसो, सहसा त्याने बांधला जातो. सही नसेल किंवा अटी ग्राहकाला कधी दाखवल्याच नसतील तर ग्राहक आयोगांनी अशी मर्यादा नाकारल्याची उदाहरणे आहेत, हे खरे. पण ‘कंपनीने अटी दाखवल्या नाहीत’ हे सिद्ध करत बसण्यापेक्षा बुकिंगच्या वेळी जाहीर किंमत लिहायला लावणे स्वस्त पडते. आणि पावतीवर ‘कापड, ५०० रुपये’ असे आपणच लिहिले असेल, तर नंतर चाळीस हजारांचे बिल दाखवणारा पाठवणारा आयोगापुढे स्वतःविरुद्धच साक्ष देतो.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की किंमत जाहीर करणे म्हणजे चोराला आमंत्रण. पाच-दहा माणसांच्या हातून पार्सल जाणार, त्यांतला एखादा तरी वाचेल. या आक्षेपाच्या बाजूने सर्वांत मोठे उदाहरण कलिनन हिऱ्याचे देतात. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला हा ३१०६ कॅरटचा, म्हणजे जवळजवळ सव्वासहाशे ग्रॅमचा हिरा लंडनला न्यायचा होता. बोटीवर कप्तानाच्या तिजोरीत, पहाऱ्यात ठेवला गेला तो नकली दगड. खरा हिरा गेला साध्या खोक्यात, टपालाने. बघा, म्हणतात, लपवल्यामुळेच पोहोचला. पण गोष्ट सांगताना एक शब्द गळतो. ते टपाल रजिस्टर होते. बाहेरून खोके साधे होते, पण प्रत्येक टप्प्यावर त्याची नोंद होत होती आणि ते घेणारा सही करत होता. माझे म्हणणे याहून वेगळे काय आहे?

दुसरा हिरा तर मूळचा आपल्याकडचाच, गोवळकोंड्याच्या खाणींच्या मुलखातला. होप या नावाने ओळखला जाणारा हा निळा हिरा नोव्हेंबर १९५८ मध्ये न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला भेट दिला, आणि पाठवला तो तपकिरी कागदात गुंडाळून रजिस्टर टपालाने. एकूण खर्च आला १४५ डॉलर २९ सेंट. त्यातले टपालाचे फक्त २ डॉलर ४४ सेंट, बाकी सगळे दहा लाख डॉलरच्या विम्याचे. म्हणजे किंमत टपाल खात्याला सांगितली होती आणि पुडक्यावर तिचा मागमूस नव्हता. विन्स्टन यांचा धंदाच दागिने इकडून तिकडे पाठवण्याचा. त्यांनी निवडलेली ही पद्धत मला नुसत्या लपवाछपवीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

आमंत्रणाच्या भीतीत दुसरी चूक आहे ती चोरी कशी घडते याविषयी. ढिगातले निनावी पार्सल गायब झाले तर ते कुठे गायब झाले हे कुणालाच सांगता येत नाही. काउंटरवर, थैलीत, रेल्वेच्या टपाल डब्यात की वाटपाच्या बीटवर, संशय सगळ्यांवर आणि म्हणून कुणावरच नाही. विमा उतरवलेल्या वस्तूचे वजन ग्रॅममध्ये लिहिले जाते, ती हाताने हाताला दिली जाते, घेणारा सही करतो. ती हरवली तर शेवटची सही कुणाची हे एका दुपारी कळते. नाशिक रोडच्या नोट प्रेसमध्येच २०२१ साली पाचशेच्या नोटांचे पाच लाख रुपये हिशेबात कमी पडले. पोलिसांत तक्रार गेली, तपास झाला आणि चोरी झालीच नव्हती असे निघाले. बंडल चुकून पंच होऊन रद्द झाले होते आणि संबंधितांनी ते वर कळवले नव्हते. रोज लाखो नोटा छापणाऱ्या कारखान्यात एवढीशी तूट सापडते, चूक कुठल्या टेबलावर झाली तेही सापडते, ते मोजणीमुळे. लपवून ठेवलेल्या मालात तूट सापडत नाही, कारण मुळात किती होते हेच कुठे लिहिलेले नसते.

खर्चाचा आक्षेप जास्त वजनदार आहे. विम्याचा हप्ता टपालखर्चाच्या कित्येक पट होतो, आणि दर आठवड्याला पाच-सात साड्या पाठवणाऱ्या येवल्याच्या विणकराला तो नफ्यातून जाताना दिसतो. बहुतेक पार्सले पोहोचतातच, मग दरवेळी पैसे का घालवायचे? याचे उत्तर सरसकट ‘विमा घ्याच’ असे देता येत नाही. हजार-दीड हजाराची साडी हरवली तर विणकर ती जोखीम स्वतः पेलू शकतो, ती त्याने पेलावी. पण एका साडीवर घरातल्या दोन माणसांचे दोन-तीन महिने गेले असतील, तर ती एक हरवणे हे वर्षाच्या नफ्यावर येते. सीमारेषा तिथे ओढायची: जे गमावले तर उधार काढावे लागेल त्याचा विमा, बाकीचे आपल्या जोखमीवर. ऑनलाइन विकणाऱ्यांनी हा खर्च किमतीत उघड दाखवावा. लाखाची पैठणी घेणारी ग्राहक विम्याच्या पैशांसाठी अडून बसत नाही, तिला साडी हवी असते. टपालाचा विमा एक लाख रुपयांपर्यंतच मिळतो. त्यावरच्या मालासाठी विमा कंपन्यांची माल-वाहतुकीची पॉलिसी असते. वर्षभराच्या सगळ्या पाठवणीसाठी एकच घेता येते, आणि विणकरांच्या सहकारी संस्थेने ती मिळून घेतली तर एकट्याला झेपेल अशी होते. हप्ता वाचवण्यासाठी किंमत निम्मी सांगणे हा मात्र फसवा मधला मार्ग. भरपाई जाहीर किमतीच्या वर कधीच जात नाही. फुगवून सांगण्यातही लाभ नाही, कारण प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त मिळत नाही.

अंगडियांचे, म्हणजे मौल्यवान माल हातोहात पोहोचवणाऱ्या पारंपरिक कुरिअरांचे काय, असे विचारले जाते. हिऱ्यांचा मोठा व्यापार त्यांच्या हातून चालतो, पावतीशिवाय. चालतो, कारण तिथे पाठवणारा, नेणारा आणि घेणारा एकाच बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बसतात आणि एका पुडीसाठी नाव घालवणे कुणालाच परवडत नाही. ती पत आपल्याला नसते. लक्झरी बसच्या ड्रायव्हरच्या हाती पाकीट देऊन त्याचा मोबाइल नंबर लिहून घेणे याला अंगडिया म्हणत नाहीत. आपला माणूस पुण्याला निघालाच असेल तर मंगळसूत्र त्याच्याकडे द्यावे, याहून चांगला उपाय नाही.

पॅकिंगकडे लोक सर्वाधिक लक्ष देतात आणि नेमके चुकीच्या जागी. थरावर थर टेप गुंडाळला की पार्सल भक्कम वाटते, पण ते उघडून पुन्हा तितकाच टेप लावला तर कळत नाही. पॅकिंगचे काम उघडणे अशक्य करण्याचे नाही, ते कुणी करू शकत नाही. उघडल्याचे कळले पाहिजे, एवढेच. विम्याच्या वस्तूंसाठी टपाल खात्याने लाखेच्या मोहरांचा नियम केला तो यासाठी. प्रत्येक जोडावर मोहोर हवी, सगळ्या एकाच ठशाच्या हव्यात आणि ठसा पाठवणाऱ्याचा खास असावा. नाणे दाबून केलेली मोहोर चालत नाही, नुसत्या आडव्या-उभ्या रेषाही चालत नाहीत, कारण तेच नाणे चोराच्या खिशातही असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या या नियमात आजच्या बऱ्याच ‘टॅम्पर-प्रूफ’ पाकिटांपेक्षा जास्त शहाणपण आहे. बाजारातले क्रमांक छापलेले सुरक्षा-पाकीट घेतले तर तो क्रमांक बिलावर लिहून घेणाऱ्याला आधीच कळवावा, नाहीतर दुसरे तसेच पाकीट आणून लावायला कितीसा वेळ लागतो?

बाकी गोष्टी थोडक्यात. एका खोक्यात दुसरे खोके, मधली जागा कागदाने गच्च भरलेली, हलवल्यावर काही वाजता कामा नये. खुळखुळणारे पार्सल आपली किंमत स्वतःच सांगते. चांदीची राखी किंवा नाणे साध्या पाकिटात घातले की पाकीट फुगते आणि बोटांना आतला गोल कळतो. पुठ्ठ्यात कोरून बसवले आणि वर कागद लावला की कळत नाही. मोबाइलच्या किंवा घड्याळाच्या मूळ खोक्यावर नुसता पत्ता चिकटवून पाठवणे म्हणजे जाहिरात, आणि पाठवणाऱ्याच्या पत्त्यात ‘ज्वेलर्स’ किंवा ‘पैठणी’ असा शिक्का मारणेही तेच. दुकानाऐवजी मालकाचे नाव चालते. पार्सल बंद करण्यापूर्वी आतली वस्तू, बिल आणि बंद केलेले खोके वजनकाट्यावर, असे तीन फोटो पुरतात. बुकिंगच्या पावतीवरचे वजन आपल्या फोटोशी जुळते का, ते काउंटरवरच पाहावे. हुशार चोर फोन काढून साबणाची वडी ठेवतो म्हणतात, पण ग्रॅमपर्यंत वजन जुळवणे त्यालाही जमत नाही.

गहाळ झालेले प्रत्येक पार्सल चोरीलाच गेलेले नसते, हेही विसरू नये. पत्त्याची चिठ्ठी निघते, शाई भिजते, पिनकोड चुकतो. सहा अंकांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नावाजलेले लेखक होते. एकाच नावाची गावे आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यांवर त्यांनी काढलेला हा तोडगा आजही निम्मी चूक वाचवतो, जर अंक बरोबर लिहिले तर. येवल्याचा ४२३४०१ आणि नाशिक शहराचा ४२२००१ यांत दोन अंकांचा फरक आहे. पार्सलच्या आतही पत्त्याची एक चिठ्ठी टाकावी, वरची निघाली तर तीच उपयोगी पडते. स्पीड पोस्टच्या क्रमांकातली आधीची दोन अक्षरे आणि शेवटचे ‘आयएन’ यांच्या मध्ये नऊ अंक असतात. त्यांतला शेवटचा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर संगणकाला ते कळते. पत्त्यातली चूक पकडणारा असा अंक नाही, तिथे डोळेच हवेत.

२०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर पोस्ट वेगळे राहिले नाही, ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. त्यामुळे फक्त ‘स्पीड पोस्ट करा’ म्हणून चालत नाही. पत्त्यावरच्या त्याच व्यक्तीच्या हाती द्यायचे असेल तर नोंदणीची जोड मागून घ्यावी लागते आणि ओटीपी सांगितल्यावरच पार्सल द्यायची सोयही वेगळी मागावी लागते. दोन्हींना प्रत्येकी पाच रुपये आणि कर. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सही करून घेतलेले पार्सल हा वाटेतला शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित ढीग आहे, आणि तो या दहा रुपयांत टाळता येतो. घेणाऱ्याने मोहोर तुटलेली, टेप दुहेरी किंवा वजन कमी दिसले तर सही करण्याआधी थांबावे आणि पोस्टमास्तरसमोर ‘ओपन डिलिव्हरी’ मागावी. ‘सुस्थितीत मिळाले’ म्हणून सही केल्यावर केलेल्या तक्रारीचे वजन अर्धे होते. परदेशी पाठवणीत आंतरराष्ट्रीय टपाल करारानुसार विम्याशिवायच्या पत्र-टपालात नाणी, नोटा, दागिने घालायलाच मनाई आहे. त्याशिवाय ज्या त्या देशाची आपली यादी असते. न्यू जर्सीच्या लेकीला बांगड्या पाठवायच्या तर ती दिवाळीला येईपर्यंत थांबलेले बरे.

शेवटी ज्याची भरपाई पैशात होतच नाही अशा वस्तू उरतात: मूळ खरेदीखत, हस्तलिखित पोथी, आजीची नथ. विमा त्यांची किंमत देईल, त्या परत आणणार नाही. त्यांच्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. त्या टपालात घालूच नयेत, प्रत पाठवावी किंवा स्वतः न्याव्यात. इतर पार्सल गहाळ झाले आणि खात्याने किंवा कंपनीने दाद दिली नाही, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार पाठवणारा जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. म्हणजे येवल्याच्या विणकराला दिल्लीच्या कंपनीविरुद्ध नाशिकमध्येच तक्रार करता येते, आणि सेवेपोटी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर त्याला शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तोवर बुकिंगची पावती, बिल आणि ते तीन फोटो सांभाळून ठेवावेत. पावतीवरची शाई उन्हाने उडते, म्हणून तिचाही एक फोटो काढून ठेवावा.